इंग्रजीतल्या कोणत्या क्रियापदांवर गाडी अडते? आणि ती कशी समजावता?

सांजवात

नाशिकला आमच्या भागात संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचा एक मोफत वर्ग चालतो, तिथे मी शिकवते. कपड्यांच्या दुकानात काउंटरवर उभ्या राहणाऱ्या मुली, कुरिअरची मुलं, नर्सिंग करणाऱ्या दोघीतिघी आणि परदेशातल्या नातवंडांशी बोलायचंय म्हणून येणाऱ्या एक आजी. शब्द या मंडळींना बरेच येतात, काळही बऱ्यापैकी जमतात. अडतं ते एकमेकांसारख्या दिसणाऱ्या क्रियापदांपाशी. 'से' की 'टेल', 'हिअर' की 'लिसन', 'लेंड' की 'बॉरो'.

माझं मत असं, की यात मराठी आड येत नाही. आपण मराठीतला चुकीचा शब्द जोडून देतो, तो आड येतो. पुस्तकाच्या मागच्या यादीत 'सी, लुक, वॉच = पाहणे' असं छापलेलं असतं, घोळ तिथूनच सुरू होतो. 'सी' म्हणजे मुळात 'दिसणे'. मुद्दाम नजर टाकली की 'लुक', आणि काहीतरी घडत असताना लक्ष देऊन बघत राहिलं की 'वॉच'. 'हिअर' म्हणजे ऐकू येणे, 'लिसन' म्हणजे ऐकणे. 'फाइंड' म्हणजे सापडणे, शोधणे म्हणजे 'लुक फॉर'. 'रिमेंबर' म्हणजे आठवणे, 'रिमाइंड' म्हणजे आठवण करून देणे. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत आणि रोज आपण ते न चुकता वापरतो. मग ते शिकवताना का लपवायचे?

फोनवर 'आर यू लिसनिंग टू मी?' असं साहेबाला विचारलं तर त्याचा अर्थ 'तुमचं लक्ष आहे का माझ्याकडे?' असा होतो. विचारायचं असतं 'आवाज येतोय का?', म्हणजे 'कॅन यू हिअर मी?' हे 'ऐकू येणे' आणि 'ऐकणे' असं फळ्यावर लिहिलं तेव्हा वर्गात एकदम उजेड पडला.

तुमच्याकडे अशा आणखी जोड्या असतील तर लिहा. वर्गासाठी एक वही करते आहे.

पाणपोई

वाचनखूण साठवली. मुलगी दहावीला आहे, तिलाही दाखवतो.

टिटवाळा_लोकल

छान धागा ताई. 'से' आणि 'टेल'साठी मी म्हणणे आणि सांगणे वापरतो. सांगायला समोर कुणीतरी लागतं, म्हणून 'टेल'च्या मागे माणूस येतो: टेल मी, टेल हर. 'म्हणणे'ला माणसाची गरज नाही, म्हणून 'ही सेड'. 'ही सेड मी' किंवा 'ही टोल्ड दॅट' होत नाही.

पण आमच्या मुंबईकडच्या पोरांना हे पटकन लागू पडत नाही, कारण आम्ही सगळ्यालाच 'बोलतो'. 'तो मला बोलला की उद्या सुट्टी आहे.'

पेठेतला_वाडा

'तो मला बोलला' हे मराठीच नव्हे. 'तो मला म्हणाला'. 'मला बोलला' याचा अर्थ मला टाकून बोलला, रागावला. आधी मराठी नीट करा, इंग्रजी आपोआप सुधारेल.

टिटवाळा_लोकल

वाडेकाका, लाखो लोक जे रोज बोलतात ते मराठीच असतं. तुमच्याकडे 'बोलला'चा अर्थ रागावला असेल, आमच्याकडे रागावला तर 'ओरडला'.

खडूफळा

दोघांचंही वाचलं. वर्गात मुंबईची मुलं असतील तर 'बोलला' सुधारत बसण्यात तास जाईल आणि इंग्रजी राहून जाईल. त्यांच्यासाठी 'कुणाला?' हा एकच प्रश्न ठेवा. क्रियापदाला लगटून माणूस आला की 'टेल', नाहीतर 'से'. आणि माणूस 'टू' घेऊन आला की 'से'सुद्धा चालतं: 'ही सेड टू मी'.

रानजाई

मला मूळ विचारच पटत नाही. इंग्रजी क्रियापद मराठीतून पोचवायला गेलं की दहातल्या दोन जोड्या सुटतात आणि आठ अडकतात. 'करणे' घ्या. गृहपाठ करणे 'डू', चूक करणे 'मेक', आंघोळ करणे 'हॅव' किंवा 'टेक', गुन्हा करणे 'कमिट'. 'मेक म्हणजे नवीन काहीतरी बनवणे' हा नियम सगळे सांगतात, पण 'मेक द बेड'मध्ये कोण पलंग बनवतो? चादर नीट करायची असते.

मी मुलांना क्रियापद सुटं देतच नाही. 'मेक अ मिस्टेक', 'पे अटेन्शन', 'टेक अ फोटो' असे अख्खे तुकडे देते. त्यांनी ते तसेच तोंडी बसवायचे. मराठी मधे आणायचीच नाही.

सूरपारंब्या

रानजाई, करणे ठीक आहे हो, 'लावणे' बघा! दिवा लावला की सुरू होतो आणि दार लावलं की बंद होतं. एकच क्रियापद.

रोप लावणे: प्लांट. मलम लावणे: अप्लाय. गजर लावणे: सेट. गाणं लावणे: प्ले. पैज लावणे: बेट. कपाट लावणे: टायडी. फोन लावणे: कॉल. आणि कुणी वेळ लावला तर 'टेक'.

'क्लोज द फॅन' आणि 'ओपन द लाइट' इथूनच येतात. पंखा बंद कर, दार बंद कर, मराठीला दोन्ही सारखेच. मी भाच्याला सांगितलं, ज्याला फळी, झाकण, पापणी किंवा पान आहे ते 'ओपन' आणि 'क्लोज'. ज्यातून वीज, पाणी, गॅस वाहतो ते 'टर्न ऑन' आणि 'टर्न ऑफ'. त्याने लगेच नळ, शेगडी, गीझर, डोळे, पुस्तक अशी घरातली सगळी उजळणी केली. एकदाही चुकला नाही.

लालडबा

'लागणे' विसरलात! 'मला बस लागते' आणि 'फलाटाला बस लागली आहे' ही दोन वाक्यं इंग्रजीत करून दाखवा बघू. एकीत माणूस आजारी, दुसरीत सगळे पिशव्या घेऊन धावतात. :)

सूरपारंब्या

पहिलं 'आय गेट कारसिक', दुसरं 'द बस इज ॲट द प्लॅटफॉर्म'. आता डोळा लागणे आणि चप्पल लागणे तुमच्यावर सोपवते.

हिमवर्षाव

अमेरिकेतून लिहितेय. 'देणे'ची भर घाला. 'आय गेव्ह ॲन एक्झाम' म्हटलं की इथे ऐकणारा तुम्हाला प्राध्यापक समजतो, कारण परीक्षा 'गिव्ह' करतो तो शिक्षक. विद्यार्थी 'टेक' करतो. ब्रिटनमध्ये 'सिट'सुद्धा म्हणतात. भारतातून नव्याने आलेल्या मुलांना मी पहिल्या आठवड्यातच हे सांगते, कारण हे वाक्य मुलाखतीत हमखास येतं. 'पास्ड आउट' पण तसंच. इथे त्याचा पहिला अर्थ चक्कर येऊन पडणे. 'आय पास्ड आउट इन २०१९' ऐकून समोरचा काळजीत पडतो. 'ग्रॅज्युएटेड' म्हणायचं.

पेठेतला_वाडा

भारतात कोट्यवधी लोक 'गिव्ह ॲन एक्झाम' म्हणतात आणि सगळ्यांना कळतं. मग ते चूक कसं? टिटवाळ्याच्या 'बोलला'ला जो न्याय, तोच इथे लावा.

टिटवाळा_लोकल

काका, आज तुम्ही आणि मी एका डब्यात!

हिमवर्षाव

भारतात बोलताना चूक म्हणणार नाही. पण समोरचा बाहेरचा असेल आणि त्याच्या हातात तुमची नोकरी असेल, तर त्याला कळेल असंच बोलावं. सांजवात ताईंच्या वर्गात दोन्ही सांगावं, कुठे काय चालतं त्यासकट.

श्वार्त्सवाल्ड

मी जर्मनीत आहे. 'लेंड' आणि 'बॉरो' इथल्या लोकांचंही चुकतं, कारण त्यांच्या भाषेत 'लाइएन' या एकाच क्रियापदात उसनं देणं आणि उसनं घेणं दोन्ही येतं. ऑफिसात कुणीतरी 'कॅन यू बॉरो मी अ पेन?' म्हणतंच. आपल्याकडे उसने देणे आणि उसने घेणे इतकं स्वच्छ आहे, की मराठी माणसाला हे एका वाक्यात समजावं. 'लेंड' म्हणजे देणे, 'बॉरो' म्हणजे घेणे. संपलं.

त्यांचं 'बेकॉमेन' म्हणजे मिळणे, आणि ते इंग्रजीतल्या 'बिकम'सारखं दिसतं. म्हणून 'मला चिकन मिळेल का' विचारायला जाऊन 'कॅन आय बिकम अ चिकन?' असं होतं, असा एक विनोद इथे फार जुना आहे. तेव्हा गोंधळ फक्त आपलाच नाही, प्रत्येकाला आपापल्या भाषेच्या वाटेनेच चुकावं लागतं. त्यामुळे मला सांजवात ताईंचं पटतं. चूक मायबोलीतून येत असेल तर उपायही तिथेच शोधावा.

खडूफळा

आता माझा आवडता विषय. नोकरीभर इंग्रजी शिकवलं, बहुतेक मराठी माध्यमाच्या शाळांत. 'लाय' आणि 'ले', 'राइज' आणि 'रेज' या जोड्या मुलांना वर्षानुवर्षं पाठ कराव्या लागतात. खरं तर मराठी मुलाला त्या पाठ करायची गरजच नाही.

बघा, आपल्याकडे पडणे आणि पाडणे आहे. झाड आपसूक पडतं, कुणी तरी ते पाडतं. इंग्रजीत पहिलं 'फॉल', दुसरं 'फेल'. हो, झाड पाडणे या अर्थाचं 'फेल' हे स्वतंत्र क्रियापद आहे, त्याचा भूतकाळ 'फेल्ड'. बसणे आणि बसवणे: 'सिट' आणि 'सेट'. उठणे, वर येणे आणि उठवणे, वर करणे: 'राइज' आणि 'रेज'. आडवं होणे आणि आडवं ठेवणे: 'लाय' आणि 'ले'. जुन्या इंग्रजीत आणि तिच्या बहिणींत आतला स्वर बदलून करायला लावणारं क्रियापद बनवत. जर्मनीवाल्यांना हे रोज दिसत असेल. 'ड्रिंक'वरून 'ड्रेंच' आलं तेही असंच: मुळात पाजणे, आता चिंब भिजवणे. आपणही पडचं पाड, मरचं मार, चढचं चाड नाही पण चढव, असंच करतो.

म्हणून मी फळ्यावर एकच प्रश्न लिहायचो: स्वतः झालं, की कुणी केलं? सूर्य स्वतः वर येतो, 'द सन राइझेस'. हात तुम्ही वर करता, 'रेज युअर हँड'. भाव स्वतः वाढले तर 'प्राइसेस रोज', दुकानदाराने वाढवले तर 'ही रेज्ड द प्राइसेस'.

एक काटा मात्र आहे. 'लाय'चा भूतकाळही 'ले' होतो. 'काल दुपारी मी आडवा झालो' हे 'आय ले डाउन'. आणि ठेवणे या 'ले'चा भूतकाळ 'लेड'. इंग्रजी मायबोली असलेले लोकसुद्धा इथे सर्रास 'आय लेड डाउन' म्हणतात. तेव्हा विद्यार्थ्याचे यावरून गुण कापू नयेत असं माझं स्वच्छ मत आहे.

श्वार्त्सवाल्ड

सर, अगदी! इथे झित्सेन आणि झेत्सेन, लीगेन आणि लेगेन अजून रोज लागतात. बसणे-बसवणे डोक्यात ठेवून मी ते शिकलो.

कोल्हापुरी_साज

लई भारी सर. फेल म्हणजे नापास एवढंच ठाऊक होतं.

रानजाई

सर, नापासवाल्या 'फेल'चं स्पेलिंग वेगळं हे मुलांना सांगायला हवं. आणि जोडी जुळते तिथे जुळते, पण मरणे-मारणेला इंग्रजीत 'डाय' आणि 'किल', त्यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही. तुटणे आणि तोडणेला तर एकच 'ब्रेक'. मुलं जोडी शोधत बसतील आणि ती सापडणार नाही.

खडूफळा

खरं आहे, बाई. अशा जोड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. पण तुटणे-तोडणे काढलंत ते बरं केलंत. इंग्रजीत बहुतेक ठिकाणी दोन्हीला एकच क्रियापद चालतं: उघडणे, थांबणे-थांबवणे, वाढणे-वाढवणे, फुटणे-फोडणे. 'कप फुटला' याला 'द कप ब्रोक' एवढं पुरतं. आपली मुलं तिथे 'द कप वॉज ब्रोकन बाय इटसेल्फ' असं काहीतरी लांबलचक रचतात, कारण फुटणेसाठी वेगळा शब्द असणारच असं त्यांना वाटतं. म्हणजे मराठीत एक आणि इंग्रजीत दोन, आणि मराठीत दोन आणि इंग्रजीत एक, असे दोन वेगळे तास घ्यावे लागतात. तुकडे पाठ करण्याला माझा विरोध नाही. 'करणे'साठी तुमचीच पद्धत बरी.

जमाखर्च

पैशांच्या हिशोबातलं एक सांगतो, कारण यात अर्थ थेट उलटा होतो. 'डाउट' आणि 'सस्पेक्ट'. मराठीत आपण 'मला त्याच्यावर डाउट आहे' म्हणतो, म्हणजे त्यानेच केलं असावं. इंग्रजीत 'आय डाउट ही टुक द मनी' याचा अर्थ त्याने पैसे घेतले असतील असं मला वाटत नाही. 'आय सस्पेक्ट ही टुक द मनी' म्हणजे त्यानेच घेतले असावेत. 'आय डाउट दॅट धिस बिल इज फेक' असं लिहिलेला शेरा वाचणारा बिल खरं धरून पुढे जाईल. तपासणीच्या अहवालात हा शब्द दिसला की मी लिहिणाऱ्याला फोन करून विचारतो, नक्की काय म्हणायचंय?

वर्गात हात वर करून 'आय हॅव अ डाउट' म्हणणं भारतात चालतं. बाहेर 'आय हॅव अ क्वेश्चन'.

सांजवात

हे माझ्या वहीत पहिल्या पानावर जाणार. असंच 'रिफ्यूज' आणि 'डिनाय'चं. 'ही डिनाइड टु कम' सगळे म्हणतात, कारण दोन्हीला 'नाकारणे' सांगितलेलं असतं. नकार देणे: रिफ्यूज. इन्कार करणे: डिनाय. यायला नकार, आरोपाचा इन्कार.

जमाखर्च

प्रवेश किंवा परवानगी नाकारली तर मात्र 'डिनाय' चालतं, 'ही वॉज डिनाइड एंट्री'. एवढा अपवाद लिहून ठेवा.

चौथी_स्लिप

'विन' आणि 'बीट' राहिलं. 'इंडिया वन वेस्ट इंडीज' असं अजून ऐकू येतं. २५ जून १९८३ ला लॉर्ड्सवर भारताने वेस्ट इंडीजला ४३ धावांनी हरवलं, 'बीट', आणि विश्वचषक जिंकला, 'वन'. मराठीत आपण 'वेस्ट इंडीज जिंकलं' असं कधी म्हणतो का? त्याचा अर्थच उलटा होईल. हरवणे माणसाला, जिंकणे सामना किंवा कप.

लालडबा

आपल्या १८३ धावा आणि त्यांच्या १४०! मदनलालच्या चेंडूवर कपिलने मागे धावत घेतलेला रिचर्ड्सचा झेल...

चौथी_स्लिप

धागा क्रिकेटवर गेला तर सांजवात ताई मला 'बीट' करतील. मुद्द्यावर येतो. 'हरवणे'चंही बघा. 'किल्ली हरवली' तिथे 'लूज', 'त्यांना हरवलं' तिथे 'बीट', आणि 'आम्ही हरलो' तिथे पुन्हा 'लूज', भूतकाळ 'लॉस्ट'.

पाणपोई

मुलीचा प्रश्न: 'लूज' क्रियापदाच्या स्पेलिंगमध्ये एक ओ की दोन?

रानजाई

क्रियापदाला एक ओ. दोन ओ लिहिले की ते सैल, ढिलं या अर्थाचं विशेषण होतं आणि त्याचा शेवटचा उच्चार 'लूस'. मराठीत आपण दोन्हीला 'लूज' म्हणतो, म्हणून स्पेलिंग मिसळतं. तिला सांगा, 'जहाज'मधला ज ऐकू आला की क्रियापद, एक ओ. 'रस'मधला स ऐकू आला की विशेषण, दोन ओ. 'ॲडव्हाइज'मध्येही तसंच: सल्ला देणे ते ज, सल्ला तो स. कानाने शिकली की हाताने चुकणार नाही.

'लिव्ह' आणि 'लीव्ह' याच कुळातलं. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहितो पण बोलताना फरक ठेवत नाही. 'आय वाँट टु लिव्ह हिअर' मध्ये राहायचंय, दीर्घ केलं की निघून जायचंय.

पेठेतला_वाडा

२००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी आम्ही पाचवीपासून शिकलो आणि व्याकरण पक्कं झालं. पहिलीपासून शिकूनही मुलांना हे येत नसेल तर उपयोग काय?

खडूफळा

वाडेकर, मी दोन्ही काळात शिकवलं. पाचवीवाल्यांना व्याकरण यायचं आणि तोंड उघडायचं नाही. पहिलीवाली मुलं धीटपणे बोलतात आणि क्रियापदात घसरतात. मला दुसऱ्या मुलांना पुढे नेणं सोपं गेलं. बोलणाऱ्याला सुधारता येतं.

परिचारिका_नाशिक

नमस्कार. मी सांजवात मॅडमच्या वर्गात येते, त्यांनीच हा धागा दाखवला. सर, तुमचं आडवं होणे आणि आडवं ठेवणे वाचलं. आम्हाला ड्यूटी बदलताना पेशंटबद्दल इंग्रजीत लिहावं लागतं. 'पेशंट डाव्या कुशीवर आहे' याला सगळे 'लेइंग' लिहितात. बरोबर आहे का? आणि ताप चढला, पलंग वर केला, हे कसं लिहायचं?

खडूफळा

पेशंट स्वतः पडून आहे, म्हणून 'लाइंग': 'द पेशंट इज लाइंग ऑन हर लेफ्ट साइड'. तुम्ही तिला कुशीवर ठेवलंत तर 'वी लेड हर ऑन हर लेफ्ट साइड'. ताप स्वतः चढतो: 'हर टेंपरेचर रोज'. पलंगाचं डोकं तुम्ही वर केलंत: 'आय रेज्ड द हेड ऑफ द बेड'. तुमच्या कामात हा प्रश्न फार मोलाचा आहे, बाळ, कारण कुणी केलं आणि काय आपोआप झालं हे पुढच्या ड्यूटीवालीला कळायलाच हवं.

औषधविहीर

मी डॉक्टर आहे, सरांच्या उत्तराला जोडून. 'पेशंट ॲडमिटेड ॲट टेन' हे नोंदीत चालतं, पण पूर्ण वाक्यात 'वॉज' लागतं: 'द पेशंट वॉज ॲडमिटेड'. ते गाळून 'ही ॲडमिटेड' लिहिलं तर त्याने काहीतरी कबूल केलं असा अर्थ होतो. 'डिस्चार्ज घेतला'चं 'टुक डिस्चार्ज' करू नका, 'वॉज डिस्चार्ज्ड' लिहा. पेशंट आपण होऊन, सल्ल्याविरुद्ध गेला असेल तर 'लेफ्ट अगेन्स्ट मेडिकल ॲडव्हाइस'. इथला 'ॲडव्हाइस' नाम आहे, रस-मधला स.

परिचारिका_नाशिक

खूप आभार सर, डॉक्टर. आज रात्रपाळी आहे, वॉर्डच्या वहीत असंच लिहीन. 'गोळी खाल्ली'ला 'एट' नको ना?

औषधविहीर

नको. गोळी, सिरप, इन्सुलिन, पेशंट सगळं 'टेक' करतो. तुम्ही दिलंत तर 'गिव्ह', आणि नोंदीत 'ॲडमिनिस्टर'.